तोंडाला परवानगी, हाताला नाही

रविवार, २१ डिसेंबर. सकाळी बोचरी थंडी. आठ वाजेपर्यंत धुकं, नंतर फिकट ऊन. वारा नाही.

रोज तारीख आणि हवा लिहायची मला सवय आहे. दिवसभरात काही घडो न घडो, हवा असतेच. पण बुद्धिबळवाल्यांच्या संगतीत बसलं की हवेच्या खाली आणखी चार ओळी वाढतात. डाव संपतो, सोंगट्या डब्यात जातात, आणि तरी टेबलाखाली एखादं प्यादं सापडतंच. ते खिशात टाकून घरी आणावं, तसे हे किस्से माझ्याकडे जमत गेले. मुद्दाम जमवले नाहीत. आज कट्ट्यावर कोणीच आलं नाही, म्हणून बसल्या बसल्या खिसा उलटा करतोय.

आमचा कट्टा म्हणजे सिडकोतल्या एका बागेतलं सिमेंटचं टेबल. त्यावर कोणी तरी कधी काळी पट रंगवून ठेवलाय. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं तिथे. भालेराव काका सगळ्यांत मोठे, पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून रिटायर झालेले. इरफानभाईंचं जुन्या शहरात चष्म्याचं दुकान. जोगदंड प्लॉटिंगचं काम करतो, त्यामुळे त्याच्या हातात कायम दोन फोन. चष्मा मात्र इरफानभाईंकडचा. आणि मी, चितेगावच्या एका कंपनीत क्वालिटीत. मला तिथे सगळे ‘डायरीवाले’ म्हणतात.

आमच्यात एक नियम आहे. बघणारे चाल सांगायचे, खेळणारा चिडायचा, हे पूर्वी रोजचंच होतं. एकदा तर जोगदंडने बघता बघता इरफानभाईंचा घोडा स्वतःच उचलून दुसरीकडे ठेवला! मग आवाज चढले, चहा सांडला, पट ओला झाला. शेवटी काकांनी निकाल दिला.

“बघणाऱ्याचं तोंड बांधता येत नाय. हात बांधता येतो. म्हणून तोंडाला परवानगी, हाताला नाय!”

तेव्हापासून तोच कायदा. एकदा बागेत फेऱ्या मारणाऱ्या एक ताई चौथ्या फेरीला थांबल्या आणि इरफानभाईंना म्हणाल्या, “मघापासून बघतेय, तो उंट फुकटचा मरतोय. मारत का नाही?”

इरफानभाईंनी उंट मारला आणि डाव जिंकले.

“ताई, बसा ना,” जोगदंड म्हणाला.

“नको. मला वजन कमी करायचंय. तुमच्यासारखं बसून नाही होत!”

*

आता बुद्धिबळ फोनवर गेलं. आम्हीही गेलो. आम्ही दोन साइटींवर खेळतो. खरी नावं कशाला, आमच्यात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. जोगदंडनेच ठेवलेली नावं.

“थोरली हिशोब मागती, धाकटी लाड करती!”

म्हणजे असं, की माणूस तोच, डोकं तेच, पण थोरलीवर रेटिंग, म्हणजे खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, चौदाशे असलं तर धाकटीवर सतराशेच्या घरात! त्यामुळे आमच्यात कोणी नुसता आकडा सांगितला की त्याला कोणी विचारत नाही.

जोगदंडच्या भाच्याची सोयरीक चालली होती. मुलीकडचे बघायला आले. मुलगा काय करतो, शेती किती, सगळं झालं. जरा शांतता पसरली तशी जोगदंडने भर घातली, “आणि बुद्धिबळात आपल्या पोराचं रेटिंग अठराशे हाय!”

मुलीचे मामा कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली.

“कोणत्या साइटवर?”

सोयरीक जमली नाही. कारण वेगळं होतं असं जोगदंड सांगतो.

*

हा फरक का पडतो, ते मी पावसाळाभर तपासून पाहिलं. दोन्हीकडे त्याच वेळी, तेवढेच डाव. धाकटी नवख्याला सुरुवातच वरच्या आकड्यावरून करून देते, थोरलीवर खालून चढावं लागतं. शिवाय दोन्हीकडची गर्दी वेगळी. रेटिंग म्हणजे तुमची उंची नव्हे, त्या गर्दीत तुम्ही कितव्या रांगेत उभे आहात तेवढंच. मला स्वतःपुरतं एवढं कळलं, की थोरलीवर मी जसा आहे तसा दिसतो आणि धाकटीवर मला जसं व्हायचं होतं तसा.

हे सगळं मी कट्ट्यावर नीट समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं.

“एवढं कशाला फिरवायचं? आमच्या लहानपणी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळत नव्हती. जवारी मातर तीच. भाकर खाल्ली की कळायचं!”

“मंग काका, तुमच्या भाकरीची चव कोण सांगतं?” जोगदंडने विचारलं.

“फर्दापूरचा रावसाहेब सांगतो,” काका म्हणाले.

*

रावसाहेब म्हणजे काकांचे वसतिगृहातले सोबती. एका खोलीत दोघं, आणि दोघांत एक पट. सुट्टीत काका पहिल्यांदा फर्दापूरला गेले, तेव्हा रावसाहेबांच्या वडिलांनी ओट्यावर मांडलेला डाव पाहिला. शेतीवाडीवालं घर, जुन्या वळणाचा माणूस. ओट्यावर कोण बसतं आणि कोण नाही, हे गावाला ठाऊक असायचं.

“हा पोरगा कोण?” त्यांनी विचारलं.

रावसाहेब पटावरून मान न उचलता म्हणाले, “मला हरवणारा.”

वडिलांनी एकदा पटाकडे पाहिलं. आत गेले. थोड्या वेळानं दोन कप चहा बाहेर आला. काका हे सांगताना नेहमी ‘दोन कप, सारखे’ असं म्हणतात आणि थांबतात.

रावसाहेबांनी पुढे लेण्यांच्या पर्यटकांसाठी लॉज काढलं, चालवलं. मग त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, शब्द जड झाले. फोनवर फार बोलता येईना. तेव्हा काकांनी दोघांचा थोरलीवर डाव लावला. घाई नाही, घड्याळ नाही, रोज एक चाल, एक डाव संपला की दुसरा. रावसाहेब डाव्या हाताच्या बोटानं चाल करायचे. ती सकाळी काकांच्या चहाच्या वेळेला यायची.

“चाल आली म्हंजी माणूस हाय,” काका म्हणायचे.

काकू गेल्यानंतर काकांच्या घरात सकाळी आवाज करणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. फोनचा तो ‘टक्’.

हा डाव काकांनी कट्ट्यावर कधी दाखवला नाही. एकदा जोगदंड खांद्यावरून डोकावला तर त्यांनी फोन पालथा घातला.

“हा डाव कट्ट्याचा नाय. इथं तोंडालाबी परवानगी नाय!”

*

दसऱ्याच्या सुमाराला इरफानभाईंना थोरलीवर एक पोलंडवाला भेटला. इरफानभाई त्याच्याकडून हरले, आणि असे हरले की आठवडाभर त्याचंच कौतुक. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर काढता काढताही तेच.

“क्या वजीर छोड़ा मियाँ उसने! ऐसे हारने में बी मज़ा है!”

पुढच्या रविवारी फोनवर संदेश आला. तुमच्या प्रतिस्पर्ध्याने गैरप्रकार केल्याचं आढळलं आहे. तुमचे गेलेले गुण परत केले आहेत.

म्हणजे पोलंडवाला इंजिन लावून बसला होता. इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, जो जगज्जेत्यालाही ऐकत नाही. पोलंडवाला त्याच्या चाली बघून फक्त बोट फिरवत होता.

थोरली आणि धाकटीत हाही एक फरक. थोरली असा कोणी पकडला की घरी येऊन सांगते, गुण हातात ठेवते. धाकटी त्या माणसाच्या नावापुढे खूण करते आणि गप्प बसते. आपण होऊन बघायला गेलो तर कळतं.

“चोर पकडला, माल परत मिळाला! पार्टी द्या इरफानभाई,” जोगदंड म्हणाला.

इरफानभाईंनी फोन खिशात ठेवला.

“पाइंट तो वापस आ गए. वो इतवार कौन वापस देगा?”

त्या दिवशी पार्टी झाली नाही.

*

याच्या आधीचा, श्रावणातला एक किस्सा मागे राहिला. तो इथे सांगायला हवा.

आमची एक मजा होती. काकांचा फोन थोरली उघडून टेबलावर मधोमध ठेवायचा आणि चौघांनी मिळून परदेशातल्या कोणाशी तरी खेळायचं. खातं आणि बोट काकांचं, तोंडं सगळ्यांची. नियमातच बसत होतं! समोरच्याला बिचाऱ्याला काय माहीत, की आपण एका माणसाशी नाही, आख्ख्या कट्ट्याशी खेळतोय.

त्या दिवशी डाव अडकला होता. काकांना घोडा खेळायचा होता, मला प्यादं. जोगदंड मागे उभा, एका फोनवर गिऱ्हाइकाशी बोलून झालेलं, दुसऱ्यावर काही तरी बघत. तो म्हणाला, “काका, उंट मागं घ्या. पार कोपऱ्यात.”

“का बरं? चांगला मधी हाय की!”

“घ्या तर.”

काकांनी जरा बघितलं, मान हलवली आणि उंट कोपऱ्यात नेला. कोणालाच काही कळलं नाही. सात-आठ चाली गेल्या, आणि त्याच कोपऱ्यातून तो उंट आख्खा पट ओलांडून समोरच्याच्या राजापर्यंत पोहोचला. मात!

काका हसले. काकू गेल्यापासून मी त्यांना एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. टेबलावर थापा मारत होते.

“जोगदंड, हे तुला सुचलं कुठनं?”

“काका, आमच्या धंद्यात कोपऱ्याचाच प्लॉट आधी बघावा लागतो!”

आम्ही सगळेच हसलो. मी त्या दिवसाच्या हवेखाली हे वाक्य लिहून ठेवलं होतं.

*

दिवाळी झाली. एका सोमवारी सकाळी काका थेट माझ्या घरी आले. पायात चपला घरातल्या. फोन पुढे केला.

“इंग्रजी हाय. नीट वाचा. एक शब्द सोडू नका.”

मी वाचलं. निष्पक्ष खेळाच्या नियमांचा भंग झाल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे.

“म्हंजी?”

“म्हणजे, त्यांचं म्हणणं, तुम्ही दुसऱ्याची मदत घेऊन खेळलात.”

“कॉपी केली म्हणतेत?”

मी फोन त्यांच्या हातात परत दिला.

“आन् रावसाहेबचा डाव?”

खातं बंद म्हणजे तोही बंद. डाव काकांच्या नावावर हरला म्हणून लागला होता. त्या सकाळचा ‘टक्’ आला नव्हता, म्हणून तर काकांनी फोन उघडून बघितला होता.

दुपारी रावसाहेबांचा फोन आला. त्यांनाही थोरलीचा संदेश गेला होता. तुमच्या प्रतिस्पर्ध्याने गैरप्रकार केला आहे, तुमचे गुण परत केले आहेत. काका मला म्हणाले, की रावसाहेब जन्मभर त्यांना ‘भाल्या’ म्हणत आले. त्या दिवशी त्यांनी एक-एक शब्द जुळवत विचारलं,

“भालेराव, इतके दिवस मी कोणाशी खेळत व्हतो?”

आणि ठेवून दिला.

काका माझ्यासमोर बसून होते. चहा निवला.

“नोकरीच्या पहिल्या दिवशी एकानं हसत इचारलं व्हतं, तुमचा पेपर कोणी लिहिला म्हणून. त्याला मी उत्तर दिलं नाय. त्याची लायकी नव्हती. पण रावसाहेबला मला उत्तर द्यावं लागंल.”

*

मी थोरलीला अर्ज केला. शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजीत लिहिला आणि सगळं खरं लिहिलं. आम्ही चार मित्र रविवारी एकत्र बसतो. सगळे चाल सांगतात. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. पटाला हात फक्त काकांचा लागतो. कोणीही यंत्र वापरलेलं नाही. फर्दापूरचा डाव काका एकटेच खेळत होते.

उत्तर आठवड्यानं आलं. नम्र होतं. डाव चालू असताना दुसऱ्या माणसाने चाल सांगणं हाही नियमभंगच आहे. आपण तो मान्य केल्याबद्दल आभार. खातं उघडता येणार नाही.

इरफानभाईंनी उत्तर ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

“सच बोले तो और फँस गए!”

काकांनी कट्ट्यावर यायचं सोडलं. मी दोनदा घरी गेलो. दार उघडायचे, “जय भीम, या,” म्हणायचे, पाणी द्यायचे. पट कपाटावर ठेवलेला असायचा. बोलणं हवेवर यायचं. हवेवर मी पुष्कळ बोलू शकतो, पण तेही संपलं.

“धाकटीवर तुमचं खातं काढून देऊ का? रावसाहेबांनाही काढून देता येईल,” मी विचारलं.

“डाव थोरलीवर मोडला. माणूस फर्दापूरला मोडला. धाकटीवर जाऊन काय करू?”

*

आम्ही तिघंच उरलो तरी रविवारी बसत होतो. आता टेबलावर इरफानभाईंचा फोन, धाकटीवर. जोगदंड माझ्या मागे उभा. मी आणि इरफानभाई समोरासमोर. जोगदंडच्या चाली तशाच, एकाहून एक.

एका रविवारी इरफानभाई मध्येच खेळायचे थांबले. ते फोनकडे बघत नव्हते, जोगदंडच्या तोंडाकडे बघत होते. समोरच्याच्या डोळ्यांत बघणं हा त्यांचा धंदाच आहे.

“जोगदंड, हिलू नक्को.”

“काय झालं?”

“तेरे चष्मे में बिसात दिखरी मेरे कू.”

बिसात म्हणजे पट. जोगदंडच्या दोन्ही काचांमध्ये छोटा हिरवा पट दिसत होता. त्याच्या छातीशी धरलेल्या दुसऱ्या फोनवरचा. पटावर एक बाण, पुढची चाल दाखवणारा. मीही वळून पाहिलं. इंजिन चालू होतं.

“मैं बोला था, काच पे कोटिंग करा ले, चमक नहीं पड़ती,” इरफानभाई अगदी शांतपणे म्हणाले. “तू बोला, नक्को, वैसे ही अच्छा दिखता.”

जोगदंडने फोन खिशात टाकला. मला वाटलं पळून जाईल. तो बसला.

*

त्याला घेऊन आम्ही काकांकडे गेलो. तोच म्हणाला चला म्हणून. काकांनी सगळं ऐकलं. जोगदंड खाली बघून बोलत होता, मग एकदम मान वर करून म्हणाला,

“काका, काकू गेल्यापासून तुम्ही कधी हसले का? डाव जिंकला की तेवढं हसत व्हते. म्हणून सांगत गेलो. आन् नियम तुमचाच व्हता. तोंडाला परवानगी. मी हात लावला का कधी?”

काकांनी एकच विचारलं.

“तो कोपऱ्यातला उंट?”

“तोबी.”

काकांनी डोळे मिटले.

“ती चाल मी रावसाहेबला फोनवर सांगितली व्हती. लई कौतुकानं. माझी म्हणून.”

इरफानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर. जोगदंड रडत होता, आवाज न करता. काकांनी त्याला पाणी दिलं, जसं आम्हा सगळ्यांना देतात तसंच.

“तुझी गाडी हाय ना? येत्या रविवारी फर्दापूरला न्ये मला.”

*

गेला रविवार, १४ डिसेंबर. हवा कोरडी, थंडी कडक, आकाश स्वच्छ.

जोगदंडने गाडी काढायच्या आधी दोन्ही फोन बंद करून डिकीत टाकले. कोणी सांगितलं नव्हतं. काका पुढे बसले, मांडीवर कापडात गुंडाळलेला पट. सिल्लोडला चहाला थांबलो, तेव्हाही काका पट घेऊनच उतरले.

लॉजच्या मागच्या बाजूला घर आणि घराचा ओटा आहे. तोच जुना. रावसाहेब खुर्चीत, अंगावर शाल, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. त्यांच्या मुलानं आम्हाला खुर्च्या दिल्या.

“जय भीम, रावसाहेब,” काका म्हणाले.

रावसाहेबांनी मान हलवली.

काकांनी कापड सोडून पट समोर ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. कट्ट्याचा नियम सांगितला. जोगदंडचा फोन सांगितला. शेवटी म्हणाले, “तो कोपऱ्यातला उंट माझा नव्हता. मी खोटं बोललो तुझ्याशी. पर तुझ्या डावात कोणाचं तोंड नव्हतं. एकबी चाल.”

रावसाहेब म्हणाले, “मला... काय ठाऊक?”

मग त्यांनी डाव्या हातानं पट पुढे ओढला आणि मोडलेला डाव मांडायला लागले. थोरलीवर थांबला होता तिथून. एकेक मोहरं उचलून, वेळ घेऊन. मदतीला मुलगा पुढे झाला तर त्याचा हात बाजूला केला. सगळं मांडून झाल्यावर काकांकडे पाहिलं.

“बरोबर हाय,” काका म्हणाले आणि बसले.

पांढरे रावसाहेब, काळे काका. काकांचा एक उंट जास्त होता. आम्ही तिघं भोवती उभे. जोगदंड जरा लांब, खांबाला टेकून, दोन्ही हात पाठीमागे. कट्ट्याच्या इतक्या रविवारांत आमच्या तिघांची तोंडं एकाच वेळी कधी मिटलेली नव्हती. लेण्यांकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न तेवढा ऐकू येत होता.

पाच-सहा चाली झाल्या. काकांनी शेवटच्या रांगेत राखणीला ठेवलेला हत्ती उचलला आणि लांबचं एक प्यादं मारलं. हात काढला.

मला दिसलं. इरफानभाईंनाही दिसलं असावं, कारण त्यांनी तोंडावर हात धरला. काकांचा राजा स्वतःच्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला, आणि आता मागे राखण कोणाची नाही. रावसाहेबांचा हत्ती मोकळ्या पट्टीत उभा होता. तो सरळ शेवटच्या रांगेत गेला की मात.

रावसाहेब पटाच्या डाव्या बाजूला बघत होते. हत्ती उजव्या बाजूला होता. त्यांनी एका प्याद्यावर बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

काकांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

“रावसाहेब,” ते म्हणाले, “हत्ती शेवटच्या रांगेत घाल. मात हाय.”

रावसाहेबांनी मान वळवली. हत्तीकडे पाहिलं. ती पट्टी वरपर्यंत पाहिली. राजाकडे पाहिलं. मग काकांच्या तोंडाकडे बराच वेळ.

“भाल्या,” ते म्हणाले, “सांगितलेली चाल... मी खेळत नाय.”

आणि त्यांनी प्यादं एक घर पुढे सरकवलं.

काकांनी राजासमोरचं प्यादं सरकवून त्याला वाट केली.

एकेचाळिसाव्या चालीला रावसाहेबांनी डाव्या हातानं आपला राजा आडवा केला. काळा जिंकला.